जुळणी

ओहोटी लागते तेव्हाच निघायचं,
पाणी पार उतरल्यावर नाही.
उतरल्यावर येतो तो रविवारचा हौशा,
असं विल्फ गुडह्यू म्हणायचा.
विल्फशी मी सहा वर्षं बोलत नव्हते,
पण एवढं त्याचं ऐकत आले.

वॉर्डन पॉइंटचा कडा दर हिवाळ्यात
थोडा थोडा समुद्रात बसतो.
युद्धातली काँक्रीटची चौकी
माझ्या लहानपणी वर होती,
आता खाली, वाळूत तोंड खुपसून.
कुणाच्या तरी बागेचं कुंपण निम्मं हवेत.
चिखल असा, की बूट मागून घेतो
आणि परत द्यायचा की नाही यावर विचार करतो.

शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं बटाटे सोलले मी.
त्यामुळेच असेल,
दगडांच्या ढिगात जो दगड नाही
तो माझ्या बोटांना आधी कळतो.
कडेला शिळ्या पावासारखी जाळी,
पाठीवर नखाने ओढल्यासारखी एक रेघ:
ही खवल्यांची. हाडांचा सांधा वेगळा,
त्याला करवतीसारखे दाते असतात.

पाच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत,
मला अर्धं कासव मिळालं.
डावी बाजू. ताटलीएवढी.
इथे तेव्हा ऊन होतं म्हणतात, खारं कोमट पाणी,
काठाला नारळाच्या जातीची झाडं.
मी नाक पुसत, दोन स्वेटर घालून,
ते पावाच्या पिशवीत घातलं आणि घरी नेलं.
उरलेल्या अर्ध्यासाठी पाच हिवाळे फिरले.

भांडण खेकड्यावरून झालं होतं.
तळहाताएवढा खेकडा,
मेल्याला पाच कोटी वर्षं झालेली.
मी आधी पाहिला, त्याने आधी उचलला.
बस, एवढंच.
सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

यंदा त्याचा गुडघा गेला, मग कंबर.
त्याची टॅम्सिन घर आवरायला आली,
तिने मला फोन केला:
हे डबे कचऱ्यात टाकू की कुणाला देऊ?
बिस्किटांचे चाळीस डबे. झाकण उघडलं की
विझलेल्या काडेपेटीचा वास.
आतलं खोटं सोनं हवेने कुजतं,
पांढरी भुकटी होते, आम्लाने कागद खातं.
मी माझ्या कपाटात बुटांच्या खोक्यातल्या
त्या दाणेदार पुड्या ठेवते.
विल्फला कधी सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.

एकतिसाव्या डब्यात
वर्तमानपत्रात गुंडाळलेली उजवी बाजू.
चिठ्ठीवर तारीख: माझ्या नंतरची भरती.
खाली त्याचं ते तिरकं अक्षर:
उरलेलं अर्धं एनि
आणि पुढे भोक. करडं, भाजल्यासारख्या कडांचं.
भोकाच्या पलीकडे एकच शब्द शिल्लक,
विचारायचं,
खाली दोनदा रेघ मारलेली.

मिन्स्टरच्या वृद्धाश्रमात तो खिडकीशी बसतो.
मी दोन्ही पिशव्या घेऊन बसने गेले,
एक या मांडीवर, एक त्या.
त्याच्या जेवणाच्या ट्रेवर,
जेलीची वाटी बाजूला सारून,
दात दातांत बसवले.
आवाज झाला, लहानसा,
बशीवर कप ठेवावा तसा.
त्याच्या बाजूची थोडी भुकटी ट्रेवर सांडली.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग अंगठा माझ्या तुकड्यावरून फिरवला.
“ही कड तू घासलीस.”
“नाही घासली.”
“ब्रशने घासलीस, एनिड. रेघ पुसट झालीय.”
“तुझ्यासारखी कुजवली तर नाही.”

नर्स आत डोकावून गेली.
मी जेलीची वाटी त्याच्यापुढे सरकवली
आणि विचारलं, उद्या ओहोटी किती वाजता.
वेळापत्रक माझ्या खिशातच होतं.
“सहा बावन्न,” तो म्हणाला,
खिडकीकडे न बघता.