मूठमाती

पहाटे साडेपाचला
फ्रेस्नोतल्या एका अवाढव्य हार्डवेअरच्या दुकानाबाहेर
आमचा नाका भरतो.
पांढऱ्या पट्ट्यांच्या आत उभं राहायचं नाही,
ती जागा गिऱ्हाइकांच्या गाड्यांची.
आम्ही कडेच्या कण्हेरीपाशी,
तिथे नऊपर्यंत सावली टिकते.
हळू येणारी गाडी म्हणजे काम.
फारच हळू येणारी म्हणजे पळा.

अबुंदियोकडे एक वही आहे.
तीत गाड्यांचे नंबर, आणि पुढे:
निळा ट्रक, दोन दिवस छप्पर, एकशे साठ, दिले नाहीत.
पांढरी व्हॅन, कुंपण, ‘उद्या’ म्हणाला.
उद्या,
इंग्रजीतला हा शब्द त्याला सगळ्यात आधी कळला.

जुलैत एक बाई आली, जुन्या टोयोटातून, एकटी.
काचेआडून एक बोट: एकच माणूस.
मग दोन हात ताणून लांबी, मग खाली जमिनीकडे.
आम्ही वीस जण गाडीला जाऊन चिकटलो.
तिने अबुंदियोला बोलावलं,
बहुधा तो एकटाच धावला नव्हता म्हणून.

पुढचं त्याने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

परसात संत्र्याखाली खणायचं होतं.
वीतभर माती, खाली नुसता दगड.
पहार उसळून मनगटात झणझणायची.
पाइप टाकायचा असेल, त्याला वाटलं,
किंवा झाड लावायचं.
खड्डा कमरेला लागला तेव्हा
तिने चादरीत गुंडाळलेला कुत्रा आणला.
चौदा वर्षांचा. तिने बोटांवर मोजून दाखवलं.
सोबत प्लास्टिकच्या पाकिटात गळ्यातला बिल्ला,
लशींचे कागद, शहराचा परवाना.
अबुंदियोला वाचता आलं नाही,
पण शिक्का ओळखायला
वाचावं कुठे लागतं?

मग ती हात जोडून त्याच्याकडे बघत राहिली.
काहीतरी म्हण, असं.
आईकडून आलेल्या मिश्तेकमध्ये
जेवढं आठवलं तेवढं तो म्हणाला.
मधलं निम्मं गळालं.

बापाच्या मातीला त्याला जाता आलं नव्हतं.
तिकडे डोंगरात भावाने फोन उंच धरला होता,
मध्येच रेंज गेली,
परत आली तेव्हा
लोक जेवायला बसले होते.

मूठ त्याने लवकर सोडली नाही.
बाईला वाटलं कुत्र्यासाठी रडतोय.
तिने खांद्यावर हात ठेवला,
आणि तो काढ म्हणायला
त्याच्याकडे शब्द नव्हता,
इच्छाही नव्हती.

दुपारी तो परतला तेव्हा आमच्यातल्या सात जणांना
अजून काम नव्हतं.
किती दिले? आम्ही विचारलं.
त्याने पिशवी उपडी केली, संत्री लोळत
पांढऱ्या पट्ट्यांच्या आत गेली.
निकानोर वाकून वाकून गोळा करत होता
आणि सिक्युरिटीवाला बघत होता.

वहीत त्याने लिहिलं:
जुनी टोयोटा, खड्डा एक, पूर्ण दिले.
खाली अजून एक ओळ लिहिली,
बराच वेळ तिच्यावर पेन्सिल फिरवत बसला.

संत्री आंबट होती.
आम्ही एकही टाकलं नाही.