सहा पूर्णांक आठ

रावपुऱ्यात आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर.
बावीस पायऱ्या. हल्ली मी चौदावीवर थांबते,
मोबाइल बघितल्यासारखं करते.

दिवसाला साठ-सत्तर दंडांना पट्टा बांधायचा,
मूठ आवळा, आता सोडा,
आणि शीर सापडली की मनातल्या मनात हुश्श.
परवा एक आजोबा म्हणाले, बेन, तमारा हाथ तो बरफ जेवा छे.
बर्फच खाते मी. ट्रेमधला, कडाकडा,
पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी, नवव्या.
रक्त कमी झालं की जीव असं काहीतरी मागतो,
हे मला पाठ आहे. परीक्षेत आलं होतं.

पावसाळ्यात हे शहर उठल्या उठल्या आजव्याची पातळी विचारतं,
किती फूट? चढली का अजून?
मी महिनाअखेरीस मशीनला विचारते,
उतरली का?
सहा पूर्णांक आठ.
मग काचेखाली घेतलं स्वतःला.
पेशी मधे पोकळ, कडेला नुसती लाल रेघ,
कासाराच्या दुकानात ओतून ठेवल्यासारख्या बांगड्या.

फाल्गुनीबेननी चिठ्ठीच्या पाठीवर जामफळ काढलं.
हे गर्भाशय. आणि ही इथे, भिंतीत, सुपारीएवढी गाठ.
पेन टेकवत टेकवत सांगत गेल्या:
गोळ्या, त्या चार-पाच दिवसांपुरत्या. निम्मं कमी होईल, कदाचित.
किंवा आत बसवायची ती तांबी, तिच्यात तांबं नसतं,
थोडं थोडं औषध सोडत राहते, वर्षानुवर्षं.
पहिले काही महिने थेंब थेंब छळेल.
किंवा आतलं अस्तर जाळायचं.
(जाळायचं म्हणताना आवाज खाली आणला त्यांनी.)
किंवा मग जामफळच.
आणि काहीच केलं नाही तर?
तर पन्नाशीची वाट बघा, म्हणाल्या,
आणि सहा पूर्णांक आठखाली दोन रेघा मारल्या.
लोह मात्र शिरेतून, या आठवड्यात. ते विचारत नाहीये मी, सांगतेय.

तेव्हापासून जामफळ पर्समध्ये घेऊन फिरते.
विशाखावन्सं म्हणतात, पिशवी काढून टाक. मी काढली, सुटले,
आता पांढरी सलवार घालून लग्नाला जाते.
पिशवी. मंडईत न्यायची असल्यासारखं.
हेवा वाटतो मला त्यांचा, खोटं कशाला बोलू.
पहाटे चारला चादर मिठाच्या गार पाण्यात बुडवताना
त्या सलवारीचा फार वाटतो.

श्रीरंग म्हणतो, तू म्हणशील तसं.
चांगला आहे. उठून चादरीचं दुसरं टोक पिळतो.
पण "तू म्हणशील तसं" हे वजन
कुठल्या पारड्यात टाकू?

मूल? एक आहे, सतरा वर्षांची.
दुसरं नको होतं, आजही नको.
मग ही कोण माझ्यात अडून बसलेली,
पिशवी म्हटलं की पोटावर हात ठेवणारी?
विचारलं तर गप्प.

म्हणून मी आपले साधे हिशेब करते.
सहा आठवडे बादली उचलायची नाही,
म्हणजे सासऱ्यांना न्हाणीघरापर्यंत कोण धरणार.
तांबी नाही मानवली तर काढता येते.
जामफळ काढलं की काढलं.
जे परत फिरवता येतं ते आधी करावं,
एवढंच मला सुचतं.
हे शहाणपण की भीती,
ते तपासायचं मशीन आमच्याकडे नाही.

गुरुवारी तेजलनं माझं रक्त घेतलं.
शीर तिसऱ्या टोचण्याला मिळाली. ती बिचारी घामाघूम.
आजवर माझी नळी मी
"स्टाफ" लिहून संध्याकाळी मशीनमध्ये सरकवायची,
पावती नाही, रजिस्टरात ओळ नाही.
या खेपेला तिनं पेन पुढे केलं.

हेमांगी श्रीरंग चिटणीस. स्त्री. चव्वेचाळीस.

पट्टी लहान, नाव लांब.
शेवटची अक्षरं
नळीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली.