तेविसावं

ईथर पस्तीस अंशाला उकळतं, असं पुस्तक म्हणतं.
चोपड्यात एप्रिल उजाडला
की ते कपाटात, बाटलीतच उकळायला बघतं.
म्हणून प्रयोगशाळेचं कुलूप सकाळी सहाला निघतं,
आणि डोंगरदादा सायकलवर, गोणपाटात गुंडाळून
कुल्फीच्या कारखान्यातून बर्फाची लादी आणतात.

दहाला वीज जाते.
ढवळणारं चुंबक तळाशी निजून जातं.
मग फ्लास्क हातानं फिरवायचा,
ताक घुसळल्यासारखा नाही,
तान्ह्याच्या टाळूला तेल जिरवावं, तसा.

तीन वर्षांत बावीस झाले.
एकाच वलयाला कुठे क्लोरीन, कुठे मेथॉक्सी.
निम्म्यांची राळ झाली, चमच्याला चिकटलेली.
उरलेले पेशींनी पचवले
आणि त्या दुपटीनं वाढल्या.

तेविसावं पंधरा दिवस नुसतं तेलासारखं पडून होतं.
काचकांडीनं आतून एक ओरखडा काढला,
आणि तिथूनच सुरू झालं :
एक पिवळी सुई, तिला टेकून दुसरी,
मग मोजता येईनात.
गिरासे सर काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.
वजन एकशे चाळीस मिलिग्रॅम.
मीठ म्हणून घातलं तर भाजी अळणी राहील.

डोंगरदादांनी बाटली खिडकीकडे धरली.
"हाई औषद शे ना, ताई?"
त्यांचे भाऊ सुपडूआप्पा जळगावला,
अर्धा जबडा काढलेले.
मला ठाऊक होतं.
"नाही दादा. अजून नुसती पावडर आहे."
"मंग औषद कव्हय व्हई?"
मी बर्फ फोडत राहिले.

महिन्यानं मुंबईहून निकाल आला.
कर्करोगाच्या पेशी मेल्या, अगदी थोड्या मात्रेत.
मी खुर्चीतून उठलेसुद्धा.
खालची ओळ मग वाचली :
निरोगी पेशीही. तेवढ्याच मात्रेत.

मारणं काय, केळीवर फवारतात तेही मारतं.
त्यालाही इकडे औषधच म्हणतात.
ओळखून मारणं
माझ्या रेणूला अजून येत नाही.

पुढचे तेरा दिवस बर्फ मीच आणला.
चौदाव्या दिवशी सायकल वाजली.
दादांचं डोकं भादरलेलं,
गोणपाट ठिबकत होतं.
त्यांनी काही विचारलं नाही, मीही.
वहीत पान उलटून लिहिलं :
चोवीस. क्लोरीनच्या जागी फ्लोरीन.

मागे नळ सुरू झाला, बंद झाला.
फ्लास्क उलटा ठेवल्याचा आवाज.
वाळायला इथे
फार वेळ लागत नाही.