हयातीचा दाखला

मे महिन्यात बरं असतं.
पंचेचाळीस डिग्रीत सगळं नागपूर दुपट्ट्यात असतं,
गॉगल लावला की डोळेही दिसत नाहीत.
शंकरनगरच्या सिग्नलला शेजारच्या गाडीवरची पोट्टी
मला म्हणाली, "ए, तुझा पेपर कितीला आहे गं?"
मी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं.
दिवसभर त्या 'गं'वर जगले.

अडचण नोव्हेंबरात येते.
दुपट्टे घडी होऊन कपाटात जातात
आणि मान बाहेर येते.

चेहऱ्याने निदान नोटीस दिली होती,
आधी डोळ्यांच्या कडा, मग ओठांच्या.
मानेने काहीच कळवलं नाही.
एका रविवारी मेंदी धुताना आरशात दिसलं:
हनुवटीखाली दोन ताणलेल्या दोऱ्या,
मधे सैल पडलेलं कातडं,
धुऊन धुऊन विरलेल्या मच्छरदाणीसारखं.
नणंदेने क्रीम पाठवलं. खालून वर चोळायचं, म्हणाली.
महिनाभर चोळलं.
डबी संपली.

गोकुळपेठेत सईदाबाईंकडे ब्लाउज टाकायला गेले.
"गळा?"
"या वेळी वर घ्या."
त्यांनी टेप मानेभोवती फिरवला,
वहीत आकडा लिहिला, वर पाहिलं नाही.
"कॉलरच लावते. उंच बाईला शोभते."
मी चार फूट अकरा इंच आहे.

मेडिकलला असताना किती माना पुसल्या मी.
कुहीची एक म्हातारी होती, कौतिकाबाई,
ओला रुमाल दिसला की लहान पोरासारखी हनुवटी वर करायची.
वळ्या एकेक उघडायच्या, पुसायच्या,
कोरड्या करायच्या, पावडर लावायची.
एकदा म्हणाली,
"थांब न माय, अजून फिरव हात.
तिथं आता कोनी हात लावत नाई."
मला घाई होती. पुढे अकरा खाटा होत्या.

काल बँकेत गेले, हयातीच्या दाखल्याला.
रांगेत सगळे आमच्याच वयाचे,
मफलर, स्टोल, बंद गळ्याचे स्वेटर.
थंडी अजून पडायचीच होती.
अंगठा यंत्राने घेतला नाही,
स्पिरिटने आणि साबणाने तो कधीच पुसून नेलेला.
टेंभुर्णे नावाचा पोरगा म्हणाला, "मग चेहऱ्याने करू."
फोन समोर धरला.
"मान थोडी वर, मॅडम. खाली. आता डोळे मिचकवा.
जुळत नाहीये."
पडद्यावर जुना फोटो होता.
तिला मी ओळखलं.
तिचा नवरा तेव्हा बाहेर स्कूटरवर थांबला होता,
लवकर ये म्हणून हॉर्न वाजवत.
म्हणून ती हसतेय.

"परत करू," टेंभुर्णे म्हणाला. परत जुळलं नाही.
सर्व्हर डाऊन आहे, बसा म्हणाला.
बसले. काय करावं सुचेना,
तर सवयीने कॉलरचं बटण काढलं,
श्वासनळीच्या बाजूला दोन बोटं ठेवली
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागले.
त्या सैल कातड्याच्या अगदी खाली,
जिथं नेहमी असते तिथंच होती,
भरलेली, एकसारखी.
पूर्ण मिनिट मोजलं. अर्धं मोजून दुप्पट करणाऱ्या पोरींना
मी आयुष्यभर ओरडले आहे.

"टेंभुर्णे, लिहून घे. बहात्तर. नियमित."
तो हसला. "त्याला रकाना नाही, मॅडम."

चौथ्यांदा जुळलं. का, ते त्यालाही कळलं नाही.

घरी येऊन बेसिनशी उभी राहिले.
रुमाल ओला केला, पिळला,
हनुवटी वर केली.
पुसून झालं होतं.
तरी अजून थोडा वेळ
हात तिथंच फिरवला.