घोडं कुठं पेंड खातंय

दिमोनाहून एलाझारचा फोन, रात्री साडेअकराला.
"मावशी, तेल निघतं. पण मागं उरतं त्याचं काय करू?
शंभर किलो ऑलिव्हमागं पंधरा-वीस तेल,
बाकी साल, बिया, काळं कडू पाणी.
नाल्यात सोडलं तर दंड."
म्हटलं, अस्सं, इथं होय घोडं पेंड खातंय!
तो हसला नाही.
मराठी त्याला आईनं दिली, म्हणी द्यायच्या राहिल्या.

मग माझगावच्या खिडकीत बसून सांगत राहिले.
आमचा घाणा उमरखाडीत. शनिवारी बंद,
म्हणून शनवार तेली.
पण शेजारच्या म्हशी शनिवार पाळत नसत,
तेव्हा शुक्रवारी उन्हं कलायच्या आत
आजोबा दुप्पट पेंड भिजवून
भिंतीपलीकडं तबेल्यात पोचवायचे.
तिळाची, खोबऱ्याची जनावराला.
एरंडाची चुकूनसुद्धा नाही, विषारी ती;
ती गुलाबाच्या बुंध्याशी, आणि हात धुवायचे दोनदा.
करंजाची वाळवीच्या वाटेत.
तळचा गाळ साबणवाला न्यायचा, पैसे पुढच्या महिन्यात.

"आणि बिया?"
बियांचं मला काय माहीत!
तीळ म्हणजे बीच की रे सगळी.

डिसेंबरात आला तो. बॅगेत पाच किलो सुक्या बिया.
कस्टमवाल्यानं मूठभर हुंगल्या. "खातात?"
"जाळतात," हा म्हणाला,
आणि तासभर बाकड्यावर बसला.

खाली रामसनेहीची कोळशाची इस्त्री.
त्यानं निखाऱ्यांवर ओंजळभर टाकल्या,
झाकण लावलं, वाट पाहिली.
चौथा शर्ट. सातवा. बारावा.
फुंकर नाही, ठिणगी नाही,
नुसता कडवट हिरवा वास, कुणाच्या तरी कॉलरला लागलेला.
"चीज चांगली आहे," तो म्हणाला, "पण संपली की?"
मग स्वतःच, पालव्याची घडी घालता घालता:
"रमजानात खजुराच्या बिया पोत्यानं पडतात डोंगरीला.
वाळवून बघतो."
एलाझारनं ते लिहून घेतलं.
इतक्या लांबून शिकवायला आलेला मुलगा.

इस्त्रीतली राख मी पुडीत घेतली,
चिंचेच्या कोळात कालवून पितळी दिवा घासला,
हनुक्काचा, नऊ वातींचा.
घासताना बोटं काळी झाली. उजळला मात्र.

काल पुन्हा फोन.
"मावशी, इकडं घोडं पेंड खात नाही."
मग?
"बकऱ्या खातात. थोडी. चाऱ्यात मिसळून."