तीन रात्रींचा मुक्काम

बसस्टँडसमोर शेख मुजाहिदच्या दुकानात
झेरॉक्स मशीनवर कोपर टेकून मी उभी.
"मॅडम, एकच गाव सांगा. टॅलिन की रिगा?
तीन रात्रीत दोन बसत नाहीत."
दोन गावं बसत नाहीत
हे तो मला सांगतोय!
माहेर अंबाजोगाई, सासर परळी,
मध्ये पंचवीस किलोमीटर आणि एक घाट.
घाटाच्या वर वारा, घाटाच्या खाली थर्मल.
एकतीस वर्षं मी दोरीवर
पांढरं काही वाळत घातलं नाही.

ऋजुता, माझी भाची, हेलसिंकीहून फोनवर सांगते,
मावशी, टॅलिन म्हणजे तटबंदी, बुरूज, लाल कौलं,
इथून बोटीनं दोन तास.
रिगा म्हणजे मोठी नदी, दारांवर दगडी चेहरे,
आणि उडती जहाजं ठेवायच्या जुन्या शेडमध्ये
भरलेला बाजार.

बाजार म्हटल्यावर व्यंकटराव सावरून बसले.
उभा जन्म मोंढ्यात आडतीवर गेला,
पोत्यावर नुसता हात ठेवून
तुरीतली ओल सांगणारा माणूस.
"तिथं माल उघड्यावर लावतेत का झाकून?"
ऋजुता हसली. तिला कुठलं माहीत.
"अन् तटबंदी काय बघायची?
धारूरचा किल्ला हाय की.
तिथं तरी कुठं गेलाव आपण?"

खरं आहे. तिथंही गेलो नाही.

रात्री नकाशा उघडला.
दोन्ही गावांच्या मध्ये माझ्या करंगळीचं एक पेर.
रस्त्यानं साडेचार तास,
म्हणजे इथून संभाजीनगर, खड्डे वजा करून.
एवढ्या जवळ असून
त्यांच्या बायका एकमेकींच्या गावात नांदायला जातात का,
गेल्यावर त्यांना पाणी जड लागतं का,
हे नकाशात दिलेलं नव्हतं.

आमच्या योगेश्वरीचं लग्न
परळीच्या वैजनाथाशीच ठरलं होतं.
मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं.
लहानपणी हत्तीखान्यात
त्या दगडी हत्तींच्या पायाला हात लावून मी विचारायचे,
मग देवी परळीला गेली का गं?
आई म्हणायची, नाही बाई, राहिली इथंच.
देवी राहिली. मी गेले.
माझा मुहूर्त बरोबर अकरा वाजून सात मिनिटांचा होता,
एक मिनिटही टळला नाही.

गेल्या जूनपासून आम्ही वर राहायला आलो,
माझ्या हट्टानं.
ते काही बोलले नाहीत. फक्त सकाळी
चपला घालून उगाच फाटकापर्यंत जातात
आणि परत येतात.
तेव्हा या खेपेला पाळी त्यांची.
हे मलाही कळतं.

पण ऋजुतानं पाठवलेल्या एका फोटोत,
बुरुजाच्या आतल्या कुणाच्या तरी अंगणात
दोरीवर चादर होती.
पांढरी. चार चिमटे लावलेली.
फोटो बुरुजाचा होता, चादर चुकून आलेली.
मी तो बोटांनी मोठा करून पाहिला,
धुरकट होईपर्यंत.
त्यांना दाखवला नाही.

"मॅडम, रेट वाढायलाय."

व्यंकटराव बाहेर गाड्यावर सीताफळं दाबून बघत होते.
मी म्हणाले, टॅलिन.
मुजाहिदनं दोनदा विचारलं, स्पेलिंगसाठी.
दोनदा सांगितलं.

ते आत आले. पावती वाचली, लांब धरून,
मग चार घड्या करून वरच्या खिशात ठेवली,
हिशेबाची चिठ्ठी ठेवावी तशी.
"तिथंबी एखादा बाजार असंल की," म्हणाले.
असेल, मी म्हणाले.
मला माहीत नव्हतं.

स्टँडवर परळीची गाडी लागली होती.
कंडक्टर ओरडत होता, परळी परळी परळी,
आणि सवयीनं त्यांचा एक पाय तिकडं वळला.
मी सीताफळांची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली
आणि थांबले.