बारावं नाव

गुरुवार, दुपारचे तीन.
चार वाजता यंत्र याद्यांना कुलूप लावणार.
स्पॅनिश १०१, तुकडी ब : अकरा नावं.
नियम बाराचा आहे.
अकरांवर तुकडी मोडते,
डीनसाहेबांच्या एका टिचकीत.

माझं काम तसं सोपं. मुलांना ओळीत लावणं.
चाळीस प्रश्नांची चाचणी;
दहाच्या आत आला तर १०१, पंचवीसपर्यंत १०२,
त्याच्या वर, किंवा शंका आली,
तर प्राध्यापिका आम्पारोंकडे.
त्या दोन मिनिटं बोलतात
आणि कागदावर आकडा लिहून परत पाठवतात,
भेंडीचं टोक मोडून बघावं तसं.

सकाळी खलफान आला. यंत्र म्हणालं, १०२.
सगळं शिकला होता फुटबॉलच्या समालोचनातून :
कोपऱ्यावरून मारलेला चेंडू, पंचाची चूक,
पंचाच्या आईबद्दल दोन-तीन वाक्यं.
आम्पारोबाईंनी विचारलं, सकाळी उठून काय करतोस?
तर गप्प.
त्याच्या स्पॅनिशमध्ये सकाळ झालीच नव्हती अजून,
सगळे सामने रात्रीचे.
पाठवला खाली. हसत गेला.

मग नसरा. चाळीसपैकी तीन बरोबर.
पण समासात, पेन चालतंय का बघायला,
तिनं एक शब्द गिरवला होता,
त्यातल्या एनवर छोटीशी लाट,
सवयीच्या हाताची.
म्हटलं, बाळ, नापास व्हायलाही थोडं यावं लागतं.
ती खाली बघत म्हणाली,
बाबा माद्रिदला होते, मी सहा वर्षांची.
शाळेच्या मधूनच निघालो.
मला पहिल्यापासून हवंय, मॅडम.
नियमात बसत नव्हतं.
बसवलं.

झुवैना अल-बरवानी अकरावी.
काहीच येत नाही, असं तिनं लिहिलंच होतं.
आम्पारोबाईंनी टेबलावर थाप मारली : मेसा.
झुवैना चमकली. मेझा!
हे तर आजीचं, आजी झांझिबारची,
रोज स्वाहिलीत ओरडते, मेझा पूस म्हणून.
आणि मी, जिला कुणी विचारलं नव्हतं,
फायलींमागून म्हणाले, मेज.

तिघी बघत राहिलो त्या टेबलाकडे,
जणू ते आत्ताच लांबून आलंय
आणि त्याला पाणी द्यायचं राहिलंय.

जुन्या मस्कतच्या बंदरावर दोन किल्ले आहेत,
तसल्याच एका तटाखाली, रेवदंड्याला,
आम्ही पोरी शंख वेचायचो.
बांधणारे तेच पोर्तुगीज, आम्पारोबाईंच्या शेजारचे.
दगड तिथले तिथे राहिले.
साबण, बालदी, इस्त्री मात्र
घरात येऊन बसले, पाहुण्यासारखे,
आणि गेलेच नाहीत.

पगारसुद्धा.
बावीस वर्षं ज्याच्यासाठी इथे काढली,
तो शब्द मी आपला समजत होते.
आमच्यात ते क्रियापद आहे, म्हणाल्या बाई,
त्याचा अर्थ देणं.
आमच्यात तो येतो, म्हटलं मी,
एक तारखेला. बहुतेक.

तीन वाजून बावन्न.
बाहेर अल-खुवैरचा रस्ता उन्हात ओला दिसतोय.
मला कुठल्या तुकडीत घालतील?
अरबी दुकानापुरती.
इंग्रजी पत्रापुरती.
मराठीत लेक म्हणते,
आई, तू असं काय जुनं जुनं बोलतेस?
मी निघाले त्या वर्षाची मराठी,
बॅगेत घडी घालून आणलेली,
घडीवरच थोडी विरलेली.

कर्मचाऱ्यांना फी माफ. कलम सात.
ते कलम मीच टाइप केलंय.
मृदुला चौलकर, लिहिलं.
वय विचारत नाहीत, बरं आहे.
पूर्वज्ञान :
मेज, साबण, पगार.
बालदी रकान्यात मावली नाही.

यादी हिरवी झाली. तीन अठ्ठावन्न.

रविवारी आठचा तास.
सकाळी उठून काय करतेस, असं विचारलंच
तर काय सांगायचं,
ते जुळवत बसले आहे मघापासून.